कापून टाकलेले श्वास

१

शाहूपुरीतल्या डोळ्यांच्या त्या जुन्या दवाखान्यात पेशंटला नावानं हाक मारायची पद्धत. टोकनचे लाल आकडे तिथं काय कामाचे? एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात औषध घालून बसलेल्या माणसाला आकडा दिसणार कुठून? म्हणून गेली वीसेक वर्षं बाहेरच्या हॉलमधल्या करड्या स्पीकरमधून एका बाईंचा आवाज यायचा. "ज्ञानू बाळू पाटील, गगनबावडा. खोली दोनमध्ये या. सावकाश या."

त्या 'सावकाश या'त काहीतरी होतं. राधानगरीकडची, गगनबावड्याकडची म्हातारी माणसं पहाटेची एसटी धरून यायची, परक्या शहरात डोळे मिटून बाकावर बसायची, आणि हा आवाज कानावर पडला की त्यांचे आवळलेले खांदे जरा सैल व्हायचे. काहीजण तर स्पीकरकडं तोंड करून "आलो बाई" म्हणायचे.

या जानेवारीत दवाखान्याचा जुना कॉम्प्युटर अखेरच्या घटका मोजायला लागला. नवीन मशिनं आली, नवा प्रोग्राम करायचा ठरला. आवाजही नवा घ्या, हल्ली पाहिजे तसा विकत मिळतो, असं कुणीतरी सुचवलं. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर अवंतिका म्हणाल्या, "बाकी सगळं बदला. आवाज तोच पाहिजे. माझी म्हातारी माणसं बिचकतील."

म्हणून त्यांनी धम्मपालला बोलावलं.

धम्मपाल पंचेचाळिशीला टेकलेला. बरीच वर्षं पुण्यात नोकरी केली, वडिलांच्या आजारपणात कोल्हापूरला आला आणि मग इथंच राहिला. जुनी सॉफ्टवेअरं नव्या कॉम्प्युटरवर चालती करून देणं हा त्याचा धंदा. ज्याचा कर्ता निघून गेलाय, कोड हरवलाय, कागद उंदरांनी खाल्लेत, असा प्रोग्राम फिरत फिरत धम्मपालकडं यायचा. लक्ष्मीपुरीतले व्यापारी त्याला गमतीनं मोडीवाला म्हणायचे.

दवाखान्याचं काम मात्र त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं हॉलमध्ये पाऊल टाकलं, वरून "सावकाश या" ऐकू आलं, आणि तो दारातच थांबला. त्या आवाजाचं एकेक अक्षर त्यानं स्वतःच्या हातानं कापलेलं होतं.

२

तेव्हा राजारामपुरीत एका बेकरीवरच्या माडीवर साबळे सरांची कंपनी होती. कंपनी म्हणजे सर, दोन कॉम्प्युटर आणि नुकताच कोर्स संपवलेला धम्मपाल. सरांनी दवाखान्यासाठी मराठी नावं उच्चारणारा कॉम्पोनंट लिहायला घेतला होता. कॉम्पोनंट म्हणजे एकटा चालत नाही, पण दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामनं हाक मारली की आपलं नेमून दिलेलं काम करून देतो, असा तुकडा. त्याला नाव लिहून द्यायचं, तो ते बोलून दाखवणार.

आवाज कालिंदीबाईंचा. बाई दवाखान्यात केसपेपर काढायच्या आणि दारात उभ्या राहून पेशंटना हाका मारायच्या. ड्युटी संपली की दुपारी त्या माडीवर यायच्या. भिंतींना गाद्या टांगलेल्या, पंखा बंद, खालून भाजत्या पावाचा वास. त्यात बाई पहिलीतल्या पोरीसारखी बाराखडी म्हणत बसायच्या. क, का, कि, की. मग गावांची नावं. मग 'या', 'थांबा'. 'सावकाश या' हे सरांच्या कागदावर नव्हतं. ते बाईंनी आपल्या मनानं घातलं. मधेच खाली स्कूटरचा हॉर्न वाजायचा. नवरा, दत्तप्रसाद, न्यायला आलेला असायचा. बाई बाराखडी अर्धी टाकून खिडकीकडं तोंड करायच्या, "आले हो", आणि साबळे सर कपाळाला हात लावायचे.

जाताना डब्यातलं थालीपीठ मोडून अर्धं धम्मपालच्या हातावर ठेवल्याशिवाय त्या जिना उतरायच्या नाहीत. त्याच्या हातावर असं सहज काही ठेवणारी माणसं तेव्हा त्या गल्लीत फार नव्हती. ते तो विसरला नव्हता.

धम्मपालचं काम साफसफाईचं. रेकॉर्डिंग ऐकायचं, अक्षर सुटं करायचं, अक्षराच्या आधीचा श्वास कापून टाकायचा. श्वास राहिला तर अक्षरं जोडताना नाव तुटतं, असं सर म्हणायचे. महिनेच्या महिने त्यानं कानाला हेडफोन लावून बाईंचे श्वास वेचले. पुढं पुढं तर त्याला पडद्यावरच्या रेघेवरूनच कळायचं. हा अक्षराचा डोंगर, ही त्याच्याआधीची श्वासाची बारीक टेकडी. टेकडी निवडायची, बटण दाबायचं, की तिथं सपाट माळ.

सर नंतर परदेशी गेले. कंपनी मिटली, मूळ कोड कुठं गेला कुणालाच ठाऊक नाही. राहिली ती दवाखान्याच्या कॉम्प्युटरवरची एक फाइल, आणि तिच्यातल्या बाई.

३

जुना कॉम्पोनंट नव्या प्रोग्रामच्या पोटात बसेना. दोघांचा बांधाच वेगळा. अशा वेळची युक्ती धम्मपालला पाठ होती. जुन्याला शेजारी वेगळी खोली बांधून द्यायची, म्हणजे त्याच्यापुरता एक छोटा स्वतंत्र प्रोग्राम करायचा, आणि दोघांच्या मधे एक निरोप्या ठेवायचा. नव्यानं नाव निरोप्याच्या हातात द्यायचं, त्यानं ते पलीकडच्या खोलीत न्यायचं, तिथून आवाज यायचा.

त्यात आणखी एक शिस्त असते. अशा कॉम्पोनंटला वापरताना 'धरलं' असं सांगावं लागतं आणि काम झालं की 'सोडलं' असंही सांगावं लागतं. आपल्याला कितीजणांनी धरलंय ते तो स्वतःच मोजत असतो. सगळ्यांनी सोडलं की मोजणी शून्यावर येते आणि तो मेमरीतून निघून जातो.

एका दुपारी घरी बसून धम्मपालनं चाचणी घेतली. पहिल्यांदा स्वतःचंच नाव दिलं.

"धम्मपाल," बाई म्हणाल्या. हेडफोनमधून, अगदी कानाशी.

त्याला हसू आलं आणि डोळेही चुरचुरले. त्यानं आईचं नाव दिलं. "तानूबाई." आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, तिचं नाव इतक्या नीट कुणी घेतलं नव्हतं कित्येक दिवसांत. मग शाळेतल्या मित्रांची नावं दिली, गल्लीतली दिली. तासभर तो नुसता नावं देत आणि ऐकत बसला. शेवटी कॉम्पोनंट सोडला. मोजणी शून्य यायला हवी होती. एक आली.

आपणच कुठंतरी दोनदा धरलं असणार, असं म्हणून त्यानं कोड वरपासून वाचला. एकदाच धरलं होतं. पुन्हा चालवलं, पुन्हा सोडलं. पुन्हा एक. म्हणजे अजून कुणीतरी धरून होतं.

जुन्या वस्तूंना खोडी असायच्याच. प्रोग्राम बंद केला की आतलं सगळं जातंच, असा विचार करून त्यानं त्या गोष्टीचा नाद सोडला.

४

नवी व्यवस्था दवाखान्यात सुरू झाली. पहिले काही दिवस धम्मपाल सकाळी हॉलमध्ये येऊन बसायचा, काही अडलं तर बघायला. पट्टी बांधलेल्या माणसांना हाताला धरून आत नेणारा आकाराम तिथला जुना शिपाई. तो एकदा त्याच्या शेजारी बाकावर टेकला.

"काम झ्याक झालंय की ओ. पर एक इचारू?"

"विचारा की."

"ह्या नव्या मशिनीत बाई जित्त्या झाल्यागत वाटत्यात."

"म्हणजे?"

"आदी कशा, नाव घ्यायच्या आन् गप. आता नाव घ्यायच्या आदी दम घेत्यात. हितं दारात हुब्या ऱ्हाऊन हाक मारायच्या न्हाईत का, तशा."

धम्मपाल हसला. मग कान देऊन बसला. स्पीकर गप्प होता. मग अगदी हलकं, ओठ उघडून आत ओढलेली हवा ऐकू आली. आणि मग, "चिमणाबाई रामू चौगुले, राधानगरी. खोली एकमध्ये या."

स्पीकर जुना आहे, खरखरत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. घरी जाऊन कॉम्पोनंटमधले आवाजाचे तुकडे एकेक करून उघडून पाहिले. श्वास कुठंच नव्हता. त्याच्याच हातची सफाई. अक्षराच्या आधी सपाट माळ. मग त्यानं बाहेर पडणारा आवाज रेकॉर्ड केला आणि त्याची रेघ पडद्यावर मांडली. प्रत्येक नावाच्या आधी टेकडी होती.

आणि टेकड्या सारख्या नव्हत्या. लहान नावाआधी लहान, लांबलचक नावाआधी मोठी. आपल्याला केवढं बोलायचंय हे आधीच माहीत असलेलं माणूस श्वास घेतं, तशी.

साबळे सरांनीच काहीतरी केलं असणार, धम्मपालनं ठरवलं. आपण कापलेले श्वास त्यांनी मागून कुठंतरी ठेवले असतील, गुपचूप. जुन्या मशिनवर ते वाजत नसतील, नव्यावर वाजत असतील. मूळ रेकॉर्डिंग मिळालं तर ताडून बघता येईल. सरांनी बाईंना एक सीडी दिल्याचं त्याला अंधुक आठवत होतं. आणि खरं सांगायचं तर सीडी हे निमित्त होतं. त्याला बाईंना भेटायचं होतं.

५

दत्तप्रसाद काकांनी कळंब्याला घर बांधलं होतं. मागच्या खिडकीतून तळं दिसायचं. काकांनी दार उघडलं, क्षणभर निरखलं आणि म्हणाले, "अरे, बेकरीवरचा धम्मपाल ना तू?"

बाई आतून आल्या. केस पांढरे झालेले, पण हसणं तेच. धम्मपाल उत्साहानं बोलत सुटला, दवाखान्याचं, नव्या मशिनचं, आकारामचं. बाई मान हलवत होत्या. बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं की त्या एक अक्षर बोललेल्या नाहीत. त्यांच्या गळ्यावर मलमलीचं पांढरं कापड बांधलेलं होतं, आणि ते एखाद्या लहानशा पडद्यासारखं हळूहळू आत-बाहेर होत होतं.

"घशाचा आजार झाला," काका म्हणाले. "स्वरयंत्रच काढावं लागलं. आता श्वास गळ्याच्या भोकातून. जीव वाचला, हे काय थोडं झालं? पण घरात ही किती बोलायची ते तुला माहीतच आहे. आता नुसती भांडी वाजतात." बाईंनी त्यांच्या खांद्यावर लटकी चापट मारली.

सीडी कुठं सापडली नाही. धम्मपालच्या पिशवीत लॅपटॉप होता. बोलावं की बोलू नये असं करता करता त्यानं सांगून टाकलं की बाईंचा आवाज यात आहे.

काकांनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी मान हलवली.

धम्मपालनं एकच शब्द लिहिला. "दत्तप्रसाद," लॅपटॉपमधून बाई म्हणाल्या. काकांनी चष्मा काढून हातात घेतला. बाईंचा हात आपोआप गळ्याकडं गेला. मग त्यांनी लॅपटॉप आपल्याकडं ओढला आणि एका बोटानं अक्षरं शोधत शोधत लिहिलं. "चहात साखर कमी घाला."

"घालतो, घालतो कमी," काका म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

ती दुपार फार सुखाची गेली. बाई लिहीत होत्या, बाईच बोलत होत्या, काका उत्तरं देत होते. रंकाळ्यावरची भेळ निघाली, दवाखान्यातले जुने डॉक्टर निघाले. बाई बिनआवाजाचं हसत होत्या. निघताना काका म्हणाले, "हे राहू दे की आमच्याकडं चार दिवस." धम्मपालकडं दुसरा लॅपटॉप होता. त्यानं हा तिथंच ठेवला, आणि कळंब्याहून परत येताना त्याला वाटलं की इतक्या वर्षांत आपण असं चांगलं काम केलं नव्हतं.

६

पुढं फेब्रुवारीत एकदा काकांचा फोन आला. काम काही नव्हतं, आभार मानायला केला होता. ते बोलत असताना मागून बाईंचा आवाज आला, "अहो, दूध उतू जाईल."

"हो हो, बघतो," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बाईंचा लिहायचा हात बसला वाटतं, असं मनाशी म्हणत धम्मपाल हसला. मग हसू तिथंच राहिलं. 'अहो' हा शब्द त्या माडीवर कधी रेकॉर्ड झाला नव्हता. लिहून दिला तर कॉम्पोनंट 'अ' आणि 'हो' जोडून म्हणेल, फरशीला फरशी लावल्यासारखा. फोनमधला 'अहो' जोडलेला नव्हता. तो शेवटाला किंचित वर गेला होता, संसारात मुरलेल्या बाईचा जातो तसा.

तो दुपारीच कळंब्याला गेला.

बाई बाहेर व्हरांड्यात खुर्चीवर मेथी निवडत बसल्या होत्या. महिन्याभरात किती वाळल्या होत्या त्या. आतून काकांचं हसू ऐकू येत होतं, आणि आवाज. "राधानगरीला गेलो तेव्हा पेट्रोल संपलं, आठवतंय का? तुम्ही स्कूटर ढकलत होता आणि मी डबा धरून मागं चालत होते."

घरात तिसरं कुणी नव्हतं. बाईंचे दोन्ही हात मांडीवरच्या मेथीत होते.

धम्मपाल पायरीवर थांबला. आतला आवाज प्रत्येक वाक्याआधी श्वास घेत होता. आणि ज्या वेळी आत श्वास घेतला जाई, त्या वेळी बाईंच्या गळ्यावरचं पांढरं कापड खसकन आत ओढलं जाई. योगायोग, तो मनात म्हणाला. सगळीच माणसं श्वास घेतात, कुणाचा कुणाशी जुळतोच. आवाज थांबला. कापड संथपणे हलायला लागलं. बाईंचा चेहरा जरा सैलावला. मग आत परत तो हलका आवाज झाला, ओठ उघडून हवा घेतल्याचा, आणि कापड गळ्यात रुतलं. बाईंच्या मुठीत मेथीची जुडी चुरगळली.

त्यांनी त्याच्याकडं पाहून ओठ हलवले. त्या ओठांची अक्षरं त्यानं महिनेच्या महिने वेचली होती. त्याला ते वाचता आलं.

मला पुरत नाही.

७

आत लॅपटॉप टेबलावर होता, चहाच्या कपाशेजारी. पडदा काळा पडलेला. काका त्याच्याकडं तोंड करून बसले होते, हात मांडीवर. धम्मपाल आत आला तसा आवाज गप्प झाला.

"ये, बस. ही बघ कसल्या जुन्या आठवणी काढतेय."

"काका, मी हे घेऊन जातो."

"का? काय बिघडलंय?"

"बाईंना त्रास होतोय याचा."

"तिला?" काकांना खरंच नवल वाटलं. "ती तर खुषीत आहे. दिवसभर बोलत असते."

"काका, बाई बाहेर बसल्यात."

काकांनी दाराकडं पाहिलं. ठेवलेली वस्तू कुठं ठेवली ते आठवावं, तसे ते क्षणभर थांबले. "हां," ते म्हणाले. "ती पण."

 धम्मपालनं तिथंच बसून कॉम्पोनंट काढायला घेतला. आधी सोडलं. मोजणी एक. पुन्हा सोडलं. एक. जितक्या वेळा तो सोडत होता तितक्या वेळा एकच येत होता. मग त्यानं सरळ प्रोग्राम मोडला, कॉम्पोनंटची नोंद पुसली, फाइल पुसली. काकांनी लॅपटॉपच्या झाकणावर पंजा ठेवला होता.

"धम्मपाल, तुझ्या घरात माणसं आहेत. घर गप्प झालं की काय होतं ते तुला नाही कळायचं."

"बाई आहेत की काका. बोलत नाहीत, पण आहेत."

 धम्मपालनं काकांचा हात हळूच उचलून बाजूला ठेवला.

दवाखान्यातूनही त्यानं तो कॉम्पोनंट काढला. डॉक्टर अवंतिकांना सांगितलं की जुनं आहे, भरवसा नाही. त्यांनी खोदून विचारलं नाही, पण नाराज झाल्या. विकतचा नवा आवाज आला. आकाराम म्हणाला, "ही कोण बया आणलीसा? हिला गगनबावडा म्हणाय यीना. मानसं दोन-दोन हाका हुस्तवर उठत न्हाईत." धम्मपालला त्याच्याकडं बघवेना. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क त्यानं स्वतः पुसली होती, घरच्याही प्रती पुसल्या होत्या. तो आवाज आता जगात कुठंच नव्हता. घरी येऊन हेडफोन हातात घेऊन तो नुसता बसून राहिला, आणि त्याला त्या बाकावरच्या म्हाताऱ्यांसारखं झालं, डोळ्यांवर पट्टी आणि कुणी हाक मारत नाही.

पण बाईंचा श्वास तरी त्यांचा त्यांना राहिला. त्या एका गोष्टीवर तो तग धरून होता.

८

काका फोन उचलत नव्हते. एप्रिलमध्ये, तळ्याचं पाणी मागं हटलं होतं त्या दिवसांत, धम्मपाल पुन्हा कळंब्याला गेला. काकांनी दार उघडलं. दाढी गुळगुळीत, अंगात इस्त्रीचा सदरा, चेहरा टवटवीत.

"ये ये. शंभर वर्षं आयुष्य आहे बघ तुला. आत्ताच तुझं नाव निघालं होतं."

कुणाच्या तोंडून, हे विचारायचं धम्मपालच्या ओठांवर आलं आणि तिथंच विरलं. त्याची नजर खोलीभर फिरली. टीव्ही बंद. रेडिओ नाही, कॉम्प्युटर नाही. काकांचा मोबाइल खिडकीत बंद पडून होता, वर धूळ.

बाई खिडकीशेजारच्या कॉटवर होत्या. अंगावरची चादर जागची हलू नये इतक्या हलक्या झालेल्या. डोळ्यांनी त्यांनी त्याला ओळखलं. तो जवळ जाऊन बसला तसं त्यांनी त्याचं मनगट धरलं, आणि त्या हाताला एवढी ताकद कुठून आली त्याला कळेना.

"चहा टाकतो," काका म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

भांड्याचा आवाज झाला, पाण्याचा झाला, गॅस पेटल्याचा झाला. आणि मग स्वयंपाकघरातूनच, अगदी जवळून, ओठ उघडून हवा आत घेतल्याचा. मोठा, खोल श्वास होता. फार लांबचं काही बोलायचं असलं म्हणजे घेतात तसा. बाईंच्या गळ्यावरचं कापड आत ओढलं गेलं आणि घट्ट बसलं.

"लग्न झालं त्या वर्षी आपण गगनबावड्याला गेलो होतो," ओट्याशी उभ्या राहून बाई म्हणाल्या. आवाज तरणाताठा, खणखणीत. "आणि घाटात धुकं असं की स्कूटरचं पुढचं चाक दिसेना, आणि तुम्ही म्हणालात मागं बसून बोलत राहा, म्हणजे मला कळेल तू आहेस, आणि मला काही सुचेना म्हणून मी दुकानांच्या पाट्या म्हटल्या, आणि पाट्या संपल्या तेव्हा माहेरच्या गल्लीतली घरं म्हटली, आणि तुम्ही नुसते हूं हूं करत होता..."

"हूं," काका आत म्हणाले. कपांत चहा ओतल्याचा आवाज आला. धम्मपालनं ऐकत ऐकत मोजलं. एक, दोन, तीन, चार कप.

दारातून स्वयंपाकघराची अर्धी भिंत दिसत होती. भिंतीवर काकांची सावली होती. काकांनी कप पुढं केला, आणि तो घ्यायला भिंतीवर दुसरा हात आला. बांगड्या भरलेला.

धम्मपालनं मान फिरवली. बाईंच्या गळ्यावरचं कापड अजून बाहेर आलं नव्हतं. त्याच्या मनगटावरची बोटं रुतत चालली होती. त्यानं मोकळ्या हातानं कापडाला धरून ओढलं. ते निघेना.

"काका," तो ओरडला. "काका, इकडं या."

"थांब रे जरा," काका आतून म्हणाले, मायेनं, हळू आवाजात. "तिचं बोलणं पुरं होऊ दे."

"...आणि धुकं काही हटेना, आणि तुम्ही म्हणालात थांबू नको, आणि मी थांबले नाही, आणि..."

बाई त्याच्याकडं बघत होत्या. तो त्या पांढऱ्या कापडाकडं बघत, एका हातानं ते ओढत, ते वाक्य संपायची वाट बघत राहिला.